धुरेवरचा माणूस

(हिंगोली येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



हिंगोलीच्या व्यासपीठावरून मोटार शर्यतींवर बोलायचे म्हटले की ऐकणारा आधी हसतो. जिल्ह्यात रेस ट्रॅक नाही, रेसिंगची टीम नाही, आणि अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गावर रात्री जी पोरे मोटारसायकली दामटतात त्यांना रेसर म्हणण्याचा अपराध कोणी करू नये. पण शर्यत या मातीला नवी नाही. रब्बीची पेरणी आटोपली की हिंगोली, वाशीम, यवतमाळच्या पट्ट्यात शंकरपटाचे बॅनर लागतात. लाऊडस्पीकरवरून जोडी पुकारली जाते ती मालकाच्या नावाने. बक्षीस लागते तेही मालकालाच. धुरेवर उकिडवा बसून, बैलांच्या शेपट्यांपासून हातभर अंतरावर, जीव मुठीत धरून जो ती जोडी काही सेकंदांत रेषेपार नेतो, त्या धुरकऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शेवटच्या ओळीत येते. आले तर.

या व्याख्यानाचा नायक तो माणूस आहे. त्याच्या हाताखाली दोन बैल असोत, नाहीतर हजार अश्वशक्तीची मोटार. जगातल्या सर्वांत महागड्या शर्यतीतसुद्धा त्याला बराच काळ कोणी विचारत नव्हते. आज विचारतात, ते मालकांना पाझर फुटला म्हणून नाही. तो भांडला म्हणून. आणि जिथे तो अजून भांडलेला नाही, म्हणजे आपल्याकडे, तिथे जुनाच हिशेब चालू आहे.

पैशापासून सुरुवात केलेली बरी. पैशाचे नाव काढले की सभागृह सावध होते.

फॉर्म्युला वन म्हटले की डोळ्यांपुढे कोट्यधीश येतात, आणि ते खोटे नाही. ‘फोर्ब्ज’च्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेन या चालकाची पगार आणि बोनस मिळून कमाई साडेसात कोटी डॉलर होती. २०२१ पासून टीमांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा आली, तीही चालकांचे पगार बाहेर ठेवून. पण २०२४ मध्ये साऱ्या जगात अशा जागा होत्या वीस. एक पायरी खाली, फॉर्म्युला टूमध्ये, एका मोसमाच्या जागेचा भाव वीस ते तीस लाख युरो सांगितला जातो. हा पैसा टीम चालकाला देत नाही, चालक टीमला देतो. नोकरीसाठी संस्थाचालकाच्या हातावर पैसे ठेवणारा उमेदवार आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे ही व्यवस्था समजायला हिंगोलीकरांना वेळ लागू नये.

रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा रेसर १९९४ मध्ये अशीच जागा मिळवून फॉर्म्युला वनमध्ये आला. वय तेहतीस, उमेदवारीची बरीच वर्षे जपानमधल्या शर्यतींत गेलेली. सिमटेक नावाच्या नव्या, तोकड्या टीमशी त्याचा करार पाच शर्यतींचा होता, कारण पुरस्कर्त्याकडून जमलेला पैसा तेवढ्यालाच पुरत होता. ब्राझीलमध्ये तो पात्रच ठरला नाही. जपानमध्ये अकरावा आला. तिसरी शर्यत इटलीत, इमोलाला. ३० एप्रिलच्या पात्रता फेरीत त्याची गाडी एका वळणावर ट्रॅकबाहेर घसरली आणि पुढचा पंख दुखावला. पिटमध्ये वळून गाडी तपासून घेण्याऐवजी त्याने आणखी एक वेगवान फेरी धरली. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना पंख तुटला आणि गाडी भिंतीवर गेली. पाच शर्यतींची शिदोरी बांधून आलेल्या माणसाला एक फेरी वाया घालवणे किती जीवावर येत असेल, हे कळायला शर्यतीतले तज्ज्ञ असावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, त्याच ट्रॅकवर विख्यात रेसर आयर्टन सेना अपघातात गेला. सारे जग सेनासाठी रडले. रेसिंगमधली बडी मंडळी सेनाच्या अंत्यविधीला जाणार म्हणून मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली मुद्दाम रात्झेनबर्गरच्या अंत्यविधीला गेले. त्याच महिन्यात मोनॅकोला जमलेल्या चालकांनी, मोडीत निघालेली आपली संघटना पुन्हा उभी केली. ती आजही चालू आहे, आणि पुढे तिच्याविषयी बोलायचेच आहे.

भारताचा या खेळातला पहिला पाय सुरक्षेच्याच भांडणात पडला, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन टीममधून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पाठीशी टाटा समूह होता. १९ जूनला शर्यत अमेरिकेत, इंडियानापोलिसला. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा टायर तेराव्या वळणावर, उताराच्या भिंतीलगत, निकामी झाला आणि गाडी आदळली. मिशेलिन या टायर कंपनीने आपलेच टायर तपासले आणि लेखी कळवले की या वळणावरचा वेग कमी केल्याशिवाय हे टायर शर्यतीला सुरक्षित नाहीत. वळणाआधी अडथळा घालून वेग उतरवावा, अशी टीमांची मागणी. फेडरेशनचे म्हणणे असे, की ऐनवेळी ट्रॅक बदलता येणार नाही. ज्यांचे टायर कच्चे त्यांनी सावकाश जावे. रविवारी वीसच्या वीस गाड्या निघाल्या, पहिली पाहणी-फेरी झाली, आणि मिशेलिनवाल्या चौदा गाड्या एकामागोमाग पिटमध्ये वळल्या. सुरुवातीच्या रेषेवर उरल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. पुढे मिशेलिनला तिकिटांचे पैसे परत करावे लागले.

त्या सहांत कार्तिकेयन चौथा आला. पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले गुण तेवढेच. त्या गुणांची आपल्याकडे पुष्कळ टिंगल झाली, ती अस्थानी होती. त्याचे टायर चांगले होते, तो धावला, पुढे कोण नव्हते हा त्याचा दोष नाही. विचारायचे ते दुसरेच. त्या तीन दिवसांत निर्णय टायर कंपनीने घेतला, टीम-मालकांनी घेतला, फेडरेशनने घेतला. ज्यांच्या पाठीखाली तो टायर फुटणार होता त्या चौदा जणांची एकत्रित अशी बाजू कुठे उमटली नाही.

सहा वर्षांनी ग्रेटर नोएडात पहिली इंडियन ग्रांप्री झाली तेव्हा कार्तिकेयन एचआरटी या शेवटच्या फळीतल्या टीममध्ये होता. मोसमाच्या मध्यात त्याची जागा डॅनियल रिकार्डोला दिली गेली होती, कारण रिकार्डोमागे रेड बुल होते. घरच्या शर्यतीपुरता कार्तिकेयनला परत बोलावले. आदल्या वर्षी करुण चांढोकचेही त्याच टीममध्ये अर्ध्या मोसमात असेच झाले होते. तीन शर्यतींनंतर २०१३ मध्ये तो ट्रॅक फॉर्म्युला वनला मुकला. सर्वोच्च न्यायालयात फॉर्म्युला वनच्या कराचा वाद पुढे २०१७ पर्यंत चालला.

पण भारतीय पैशाची याहून बोलकी कथा फोर्स इंडियाची आहे. विजय मल्ल्यांनी डबघाईची टीम घेतली, २००८ पासून ती फोर्स इंडिया म्हणून धावू लागली, २०११ मध्ये सहारा समूह भागीदार झाला. थोड्या पैशात ही टीम चांगली चालायची. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे ती चौथी आली. मग दोन्ही मालकांचे दिवस फिरले. २०१८ च्या जुलैपर्यंत कारखान्यातल्या चारशेहून अधिक कामगारांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. एका घेणेकऱ्याच्या अर्जामुळे टीमलाच टाळे लागेल अशी वेळ आली. तेव्हा लंडनच्या उच्च न्यायालयात जो माणूस गेला तो बँकवाला नव्हता. तो टीमचाच चालक होता. मेक्सिकोचा सर्जिओ पेरेझ. त्याचे स्वतःचे सुमारे चाळीस लाख डॉलर टीमकडे थकले होते. घेणेकरी या नात्याने त्याने अर्ज केला आणि टीम दिवाळखोरीत बुडण्याआधी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. नोकऱ्या वाचल्या. पेरेझने नंतर सांगितले, की हे पाऊल उचलायला टीममधल्या लोकांनीच त्याला गळ घातली होती आणि त्याचे मन त्यात रमले नव्हते.

पुढचा भाग जास्त कडू आहे. टीम कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने घेतली. पेरेझ राहिला. त्याचा जोडीदार एस्तेबान ओकों, एका मेकॅनिकचा मुलगा, ज्याच्या आईवडिलांनी त्याच्या रेसिंगसाठी राहते घर विकून कॅरव्हॅनमध्ये संसार हलवला होता, तो बाहेर गेला. त्याच्या जागी २०१९ मध्ये आले मालकांचे चिरंजीव. ओकोंला ते वर्ष शर्यतीविना काढावे लागले.

पगार थकण्याचा रोग एकट्या भारतीय मालकांचा नाही, हे न्यायाने सांगायला हवे. २०१३ मध्ये लोटस टीमचा किमी राइकोनेन, जगज्जेता राहिलेला माणूस, अबू धाबीला उघड बोलला की वर्षभरात आपल्याला पगार मिळालेला नाही. मोसमाच्या अखेरच्या दोन शर्यती त्याने पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी सोडल्या.

चालक एकजुटीने उभे राहिले असे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते फार गमतीचे आहे. जानेवारी १९८२, दक्षिण आफ्रिकेतले क्यालामी. मोसमाची पहिली शर्यत. परवान्याच्या नव्या अर्जावर सही करायला चालकांपुढे कागद आले. निकी लाउडा निवृत्ती मोडून परतला होता. त्याने तो कागद नीट वाचला. बहुतेकांनी वाचला नव्हता. चालकाला एका टीमशी बांधून टाकणारी, आणि खेळाविरुद्ध तोंड उघडायला बंदी घालणारी कलमे त्यात होती. लाउडा आणि संघटनेचा अध्यक्ष दिदिए पिरोनी यांनी गुरुवारी सकाळी ट्रॅकच्या दारात बस उभी केली, येणाऱ्या एकेका चालकाला तीत चढवले आणि सगळी वरात जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात नेली. रात्री एकाच दिवाणखान्यात गाद्या अंथरल्या. खोलीत एक पियानो होता. टीमवाले दाराशी आले तेव्हा तो आतून दाराला लावला, आणि एरवी एलिओ दे आंजेलिस आणि जिल विलनव्ह यांनी तो वाजवला. लक्षाधीश मंडळी एका खोलीत, जमिनीवर, पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली, शनिवारी शर्यत झाली, आणि नंतर संपकऱ्यांना दंड झाले. पण सही करण्याआधी कागद वाचायचा असतो, हे मात्र त्या पिढीला कळून चुकले.

आता जीवाचे.

१९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात जॅकी स्ट्युअर्टची गाडी ट्रॅक सोडून उलथली. तो आत अडकला, पेट्रोल अंगावर गळत होते. एक ठिणगी पुरली असती. ट्रॅकवर ना डॉक्टर जवळ, ना अवजारे. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या त्याच्याच दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला, स्टिअरिंग उतरवले आणि त्याला बाहेर काढले. यात पंचवीसेक मिनिटे गेली. त्यानंतर स्ट्युअर्ट गाडीत स्वतःचा पाना चिकटपट्टीने लावून धावू लागला. त्याने ट्रॅकच्या कडेला कठडे मागितले, डॉक्टर मागितले, पट्टे मागितले, आणि १९६९ मध्ये चालकांच्या बहिष्कारामुळे स्पाची शर्यतच झाली नाही. त्याला भित्रा म्हणणारे कमी नव्हते. तीन वेळा जगज्जेता झालेला माणूस भित्रा!

सुरक्षेच्या साधनांचा इतिहास बारकाईने पाहिला तर प्रत्येक कलमाखाली एक नाव सापडते. १९७८ मध्ये मोंझाला रॉनी पीटरसन गेला, तेव्हापासून पहिल्या फेरीत गाड्यांमागे डॉक्टरची गाडी धावते. २००१ मध्ये अमेरिकेत डेल अर्नहार्ट गेला, आणि ‘हान्स’सारखा मान जखडणारा पट्टा त्याच वर्षी तिथल्या नासकार मालिकेत सक्तीचा झाला. २०१४ मध्ये जपानच्या सुझुकाला, पावसात, ज्यूल्स बियांकीची गाडी दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनखाली घुसली. तो पुढच्या वर्षी वारला, आणि सगळ्या गाड्यांना एकाच वेळी वेग उतरवायला लावणारी व्यवस्था आली. तरीसुद्धा २०२२ मध्ये त्याच सुझुकात, तशाच पावसात, क्रेन पुन्हा ट्रॅकवर आली. बियांकीचा मित्र पिएर गास्ली तिच्याजवळून गेला आणि रेडिओवर संतापला. फेडरेशनने चौकशी करून कार्यपद्धती बदलली. तो ओरडला नसता तर किती बदलली असती, कोण जाणे.

चालक नेहमी बरोबर असतात असेही नाही. कॉकपिटवरची टायटॅनियमची कमान, जिला हॅलो म्हणतात आणि जी सुमारे १२ टनांचा भार पेलते, ती २०१८ मध्ये सक्तीची झाली तेव्हा नाके मुरडणाऱ्यांत रोमँ ग्रोजाँ पुढे होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला त्याची गाडी लोखंडी कठडा फोडून दुभंगली आणि पेटली. अठ्ठावीस सेकंद तो आगीत होता. भाजलेल्या हातांनी स्वतः चढून बाहेर आला, आणि आपले मत चुकले हे त्याने लपवले नाही. फेडरेशनने त्या अपघाताच्या चौकशीचा गोषवारा जाहीर केला. ज्याला हवा त्याने वाचावा.

सध्याची भांडणे कशावर आहेत? एक उन्हावर. २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत ओकोंला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली. त्यातून नियम आला, की उष्णतेचा निर्देशांक ३१ अंशांपुढे जाणार असेल तर चालकाला थंडावा देणारी यंत्रणा गाडीत बसवायची. २०२५ मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा लागू झाला. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या या जिल्ह्याला ३१ चा आकडा ऐकून हसू येईल. पण अंगावर अग्निरोधक कपड्यांचे थर, पाठीशी तापलेले इंजिन आणि दीड-दोन तासांची शर्यत, हे जमेस धरले पाहिजे.

दुसरे भांडण तोंडावर. चालकांच्या शिवराळ बोलण्याला फेडरेशनने दंड लावायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये चालक संघटनेने अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायम यांना उघड पत्र लिहून सांगितले, की आम्ही मोठी माणसे आहोत, तसेच वागवा. आणि दंडाचे पैसे जातात कुठे, तेही सांगा. पुढच्या मे महिन्यात दंडाच्या रकमा निम्म्यावर आल्या. प्रस्तुत वक्त्याला या पत्रातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या घरी यायचे.

८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय मालिकेच्या शर्यतीत अनुभवी रेसर के. ई. कुमार अपघातात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर, मोटारसायकलींच्या राष्ट्रीय मालिकेत, बेंगळुरूचा एक शाळकरी मुलगा पडला आणि दगावला. वय १३. स्पेनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात १५ वर्षांचा एक रायडर असाच गेला होता, तेव्हा काही आठवड्यांत आंतरराष्ट्रीय संघटनांनी लहान गटांची किमान वये वाढवायचे आणि एका शर्यतीतल्या गाड्या कमी करायचे जाहीर केले. आपल्याकडच्या प्रत्येक मृत्यूनंतरही कशाने झाला, काय बदलले, हे आईबापांना वाचता येईल अशा मराठी, तमिळ, कन्नडमध्ये छापून आले पाहिजे.

आणि एक घटना खास खेड्यातल्या श्रोत्यांसाठी. २१ सप्टेंबर २०१९, राजस्थानातला बाडमेर जिल्हा. राष्ट्रीय रॅलीसाठी गावचा रस्ता बंद केलेला. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवणारा, मोटार शर्यतीतला तो पुरस्कार घेणारा पहिला खेळाडू गौरव गिल वेगात येतो आणि रस्त्यावर आलेल्या मोटारसायकलीला धडकतो. एकाच कुटुंबातले तिघे जण ठार. गिल जखमी. रस्ता बंद होता हे आयोजकांना ठाऊक. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला तो बंद म्हणजे नेमका काय, हे पटेल अशा रीतीने कोण सांगणार? रॅली ही शर्यत गावातून जाते, आणि गाव तिला पाहायलाच नाही तर ओलांडायलाही उभे असते. शंकरपटाला गेलेल्या माणसाला हे उलगडून सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात या खेळाचा नाद आहे, पण तो पश्चिमेकडे. नाशिकला रॅली रुजली. कोल्हापुरात मोहित्यांनी रेसिंग अकॅडमी काढली. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक इंग्लंडात ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅल्या गाजवून २०२५ मध्ये सौदी अरेबियात डकार क्लासिक पूर्ण करून आले. पुण्याचीच डायना पंडोल, शिक्षिका आणि दोन मुलांची आई, २०२४ मध्ये पुरुषांबरोबर धावून मोटारींचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. ही सगळी कर्तबगार माणसे आहेत. पण टायर, इंधन, मेकॅनिक, वाहतूक, परवाना या सगळ्यांचा खर्च घरातून किंवा ओळखीच्या पुरस्कर्त्याकडून उभा करता येतो त्यांचाच हा खेळ आहे, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली: मातीचे उंचवटे, हवेत झेपावणाऱ्या मोटारसायकली, टीम-मालक, रायडरांचा लिलाव, सगळा आयपीएलचा साचा. लिलाव या पद्धतीला नावे ठेवणारे ठेवोत. मोटारसायकलवरच्या पोराला निदान कोणीतरी पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही, एवढ्यापुरती ती चांगली.

शेतकऱ्याला मोटार शर्यतीची आठवण महाराष्ट्र सरकारने एका ठिकाणी करून दिली आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. कोणत्या मृत्यूला मिळत नाहीत याची यादी शासन निर्णयात आहे: नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या, युद्ध, आणि ‘मोटार शर्यतीतील अपघात’. विमा कंपन्यांच्या जुन्या फॉर्ममधून उतरलेले ते कलम असणार; सेनगावच्या कास्तकाराने मोटार शर्यतीत भाग घेऊन मरावे, अशी भीती मंत्रालयात कोणाला वाटली असेल असे नाही. बैलांच्या शर्यतीचा त्या यादीत उल्लेख नाही. तेव्हा शेतकरी धुरकरी पटात दगावला तर घरच्यांनी अर्ज जरूर करावा, आणि नाकारला तर कारण लेखी मागावे.

पटाचे कायदेशीर बस्तान आता बसले आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. अंतराला १००० मीटरची मर्यादा आली, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आली, चाबूक-टोचणीला मज्जाव आला, आणि कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. नियमांचा सगळा रोख बैलांवर आहे. तो असायलाच हवा होता, कारण खटला बैलांचा होता. माणसाचा खटला कोणी लढलेला नाही.

दरम्यान बक्षिसे कुठल्या कुठे गेली. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीच्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी होते. सांगली जिल्ह्यात थार गाडी लागली. बैलांच्या जोडीची किंमत लाखांत बोलली जाते. या उलाढालीत धुरकऱ्याचा वाटा तोंडी ठरतो आणि तोंडीच विसरला जातो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायकाही जोड्या हाकतात. त्यांचे फोटो छापून येतात, मोबदल्याविषयी ओळ नसते. आणि बैल उधळून बैलगाडी गर्दीत शिरली, कोणी चिरडले गेले, अशा बातम्या राज्यातून अधूनमधून येतच असतात. १९५५ मध्ये फ्रान्सच्या ल माँ शर्यतीत एक मर्सिडीज गर्दीत घुसली आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या देशात ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदीच घातली. पटवाल्यांनी बैलांच्या कारणावरून एकदा बंदी भोगली आहे. माणसांच्या कारणावरून दुसरी ओढवून घेऊ नये.

म्हणून हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा आणि सेनगावच्या पट समित्यांना इथून जाहीर विनंती आहे. यंदाच्या पटाला धुरकऱ्यांचा त्या दिवसापुरता सामूहिक अपघात विमा काढा. त्याचा हप्ता बक्षिसाच्या रकमेपुढे काहीच नाही. बक्षिसातला धुरकऱ्याचा हिस्सा नावनोंदणीच्या फॉर्मवर मालकाच्या सहीने लिहून घ्या. दोन्ही बाजूंना कठडा असल्याशिवाय आणि रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय पहिली जोडी सोडू नका. धुरकऱ्यांनीही तालुक्यापुरती का होईना, आपली संघटना करावी; चालकांची संघटना मोनॅकोला उभी राहू शकते तर औंढ्याला राहायला काय हरकत आहे? आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने परवानगीच्या अर्जासोबत बैलांच्या तपासणीचा दाखला मागितला जातो तशीच विम्याची प्रतही मागावी, नसेल तर अर्ज परत करावा.